दोन्ही पाईप गरम

त्या वर्षी थंडी लवकर आली आणि आली ती बिऱ्हाड घेऊनच आली. सकाळी नळाला पाणी यायचं नाही, बादलीत बर्फाचा पापुद्रा धरलेला असायचा, आणि घाटावरून उतरणाऱ्या गाड्यांच्या टपांवर ऊन चढेपर्यंत पांढरं दिसायचं.

मिस्त्रींचं गॅरेज घाटाच्या पायथ्याशी होतं. रस्ता शेवटचं वळण घेऊन चढाला लागतो, त्या कोपऱ्यावर. पुढे गॅरेज, मागे घर, मधे एकच दार. शेजारी चहाची टपरी. घाट चढायच्या आधी ड्रायव्हर तिथे थांबत, चहा पीत, हात चोळत, आणि गाडीला काही बारीकसारीक दुखणं असेल तर मिस्त्रींना हाक मारत. थंडीत हे दुखणं बहुतेक एकच असायचं. हीटर.

खालच्या सपाटीवरच्या माणसाला हीटर म्हणजे चैन वाटते. घाटात ती चैन नव्हती. हीटर बंद पडला की पुढच्या काचेवर आतून वाफ धरायची, माणसाला एका हाताने फडक्याने काच पुसत दुसऱ्या हाताने वळण मारावं लागायचं, आणि बाजूला दरी असायची. बाकी यंत्र साधं होतं. इंजिनातलं गरम पाणी अंगठ्याएवढ्या जाड रबरी पाइपातून इंजिनामागच्या पत्र्यापलीकडे, डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या एका छोट्या रेडिएटरमध्ये जायचं, तिथे ऊब सोडायचं आणि दुसऱ्या पाइपाने परत यायचं. दोन पाईप, चार टोकं, चार क्लिपा. पण रबर ते रबर. उन्हाळाभर शिजतं, थंडीत कडक होतं, मग एक दिवस तडकतं. आणि पाइपांची आतली टोकं अशा सांदीत असतात की तिथे डोळा पोचत नाही, नुसती बोटं पोचतात.

ही बोटं मिस्त्रींची होती आणि बॅटरी धरायचं काम त्यांच्या बायकोचं. टपरीवरचे सगळे तिला काकू म्हणायचे. लग्न होऊन आल्यापासून काकूंनी किती इंजिनांत उजेड पाडला असेल त्याला गणती नव्हती. शेगडीवर काही असलं की गॅस बारीक करून यायच्या, मिस्त्री "जरा डावीकडे, अजून, हां" म्हणायचे, आणि काम झालं की काकू परत आत जायच्या. हाताला कधी काळं लागलं नाही.

मिस्त्रींच्या हाताचं आधी काकूंच्याच लक्षात आलं. ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. सदऱ्याची वरची बटणं उघडीच राहायला लागली. बरणीचं झाकण उघडून द्या म्हटलं तर "थांब, हात ओले आहेत" म्हणून बाहेर सटकायचे. काकूंनी विचारलं तर उत्तर ठरलेलं.

"थंडी आहे गं. सगळ्यांचेच हात आखडतात."

मग उंटाच्या गाडीचं प्रकरण झालं.

उंट हा भाजीचा टेम्पो चालवायचा. मान लांब म्हणून उंट. ते त्याला इतकं अंगवळणी पडलं होतं की फोनवर तो स्वतःच "उंट बोलतोय" म्हणायचा. त्याच्या टेम्पोचा हीटरचा पाईप मिस्त्रींनी सकाळी बदलला आणि दुपारी टेम्पो दुसऱ्या गाडीला दोर बांधून खाली आला. घाटाच्या मध्यावर पाईप निसटला होता. सगळं पाणी रस्त्यावर, इंजिन तापून लाल, आणि उंट वाऱ्यात उभा. नाकाचा शेंडा निळा पडला होता.

"मिस्त्री, हे बघा," त्याने बॉनेट उघडून सगळ्यांसमोर दाखवलं. "तुम्हीच शिकवलंत ना मला? पाइपाच्या टोकाशी लोखंडाला कड असते. रबर त्या कडेच्या पलीकडे गेलं पाहिजे आणि क्लिप कडेच्या मागे बसली पाहिजे. ही बघा कुठे बसलीय. उंबरठ्याच्या बाहेर!"

टपरीवरचे चार-दोन ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊनच जवळ आले. मिस्त्रींनी पक्कड घेतली आणि ते वाकले. काकूंनी बॅटरी धरली होती. त्यांना उजेडात स्पष्ट दिसलं, पकडीत क्लिपचे कान, म्हणजे दाबायची दोन टोकं, येत होते, दाबले जात होते आणि सुटत होते. येत होते आणि सुटत होते. मग पक्कडच हातातून निसटली आणि इंजिनामधून थेट जमिनीवर वाजली.

उंटाने ती उचलली. "द्या, मी करतो," तो म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, आजाऱ्याशी बोलतात तसं.

त्याने क्लिप बसवली, पाणी भरलं आणि गाडी घेऊन गेला. मिस्त्री बाजूला फडक्याने हात पुसत उभे राहिले. हात स्वच्छच होते.

बातमीला घाटात चाकं असतात. त्यानंतर गाड्या चहाला थांबायच्या, पण बॉनेट उघडत नव्हत्या. "खालच्या गॅरेजातच बघून आलो," असं कुणीतरी दुसरीकडे बघत म्हणायचं. मिस्त्री सकाळी शटर वर करायचे, झाडलेली जमीन परत झाडायचे, नटबोल्टांचे डबे ओतून परत भरायचे. जेवताना मान वर करत नव्हते. एकदा संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती खाली शहरात राहायची आणि दर थंडीत तिचं एकच पालुपद असायचं, गॅरेज भाड्याने द्या आणि इकडे या. दरवेळी मिस्त्री हसून विषय बदलायचे. त्या संध्याकाळी म्हणाले, "बघू. येऊ."

काकू कणीक मळत होत्या. त्यांचा हात थांबला.

फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "लेकीकडे जाऊन काय करणार तुम्ही?"

"बसेन."

"तुम्ही? तुम्हाला बसता येतं?"

"शिकेन."

काकूंनी हात धुतले, पुसले आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "डोळे मिटा."

"हे काय पोरखेळ?"

"मिटा म्हणते ना."

मिस्त्रींनी डोळे मिटले. काकूंनी त्यांच्या उजव्या हातात काहीतरी ठेवलं. "काय आहे?"

मिस्त्रींनी अंगठा आणि पहिली दोन बोटं फिरवली. परत फिरवली. "वॉशर."

ते काकूंच्या स्वेटरचं बटण होतं. त्यांनी डोळे उघडून बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. ज्या माणसाने अंधारात नुसत्या चाचपण्याने नटाचा नंबर सांगितला असता, तो माणूस एका बटणाकडे बघत बसला होता.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"पाऊस संपला तेव्हापासून. आधी मुंग्या यायच्या. मग..." त्यांनी बोटं झाडली. "तिथे डोळा जात नाही गं. रबर कडेच्या पार गेलं की नाही, क्लिप मागे बसली की नाही, ते बोटांना कळतं. आता कळत नाही. मी उंटाच्या गाडीला अंदाजाने बसवली. देवाची दया, पोरगा दरीत गेला नाही."

काकूंनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. आखूड, रुंद, धुण्याने आणि कणकेने घट्ट झालेले.

"मला कळेल का?" त्या म्हणाल्या.

मिस्त्री हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले, पण काकूंना ते हसणं आवडलं नाही.

"हसायला काय झालं? इतकी वर्षं उजेड धरला तो काय डोळे बांधून धरला?"

"बघणं वेगळं, करणं वेगळं."

"मग करायला द्या."

गॅरेजमागे त्यांची स्वतःची जुनी गाडी उभी होती. तिच्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षण सुरू झालं, आणि दुपारच्या आत भांडण. काकूंची उंची कमी म्हणून पायाखाली लाकडी खोकं घेतलं होतं. बरगड्या बॉनेटच्या कडेला टेकायच्या, एक हात इंजिन आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत कोपरापर्यंत जायचा, आणि थंड लोखंड कातडीला चावायचं. क्लिपचे कान पकडीत धरायला जमलं. ती मागे सरकवायलाही जमलं. पाईप मात्र टोकाला चिकटून बसलेला. काकूंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि खेचला.

"ओढू नको!" मिस्त्री एवढ्या मोठ्याने ओरडले की टपरीवरच्या माणसाने डोकावून पाहिलं.

"ओरडू नका, मी बहिरी नाही."

"अगं आतलं नळकांडं पातळ असतं, वाकलं की संपलं!"

"मग आधी सांगायचं!"

तेवढ्यात पाईप अर्धवट सुटला, उरलेलं गार पाणी काकूंच्या बाहीतून काखेपर्यंत गेलं आणि बोटांची सालं पत्र्याला लागून निघाली. त्या खोक्यावरून उतरल्या, एक शब्द न बोलता घरात गेल्या आणि मधलं दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने दारावर टकटक झाली. मिस्त्री आयुष्यात त्या दारावर कधी टकटक करून आले नव्हते.

"अगं, ये."

दार बंदच राहिलं.

"मला नीट सांगता येत नाही," दारापलीकडून मिस्त्री म्हणाले. "मला कधी सांगावंच लागलं नाही ना. हातच करायचे. ते कसं करायचे ते मला तरी कुठे माहीत होतं." थोडं थांबून ते म्हणाले, "बोटात अंगठी घट्ट बसली तर तू काय करतेस? ओढतेस?"

"साबण लावते. फिरवत फिरवत काढते," आतून काकू म्हणाल्या.

"तसंच. आधी थोडं फिरवून बघायचं. फिरत नसेल तर अजिबात जोर लावायचा नाही, चाकूने लांबीत चीर द्यायची आणि साल काढतात तशी काढायची. जुना पाईप फुकट गेला तर जाऊ दे, आतलं नळकांडं वाचलं पाहिजे."

दार उघडलं. "हे असं सांगा की मग," काकू म्हणाल्या.

त्यानंतर गाडी रुळावर आली. काकूंनी त्या एकाच गाडीचे पाईप इतक्यांदा काढले आणि घातले की मिस्त्री म्हणाले, बिचाऱ्या गाडीला आता लाज वाटत असेल. टोकाला साबणाचं पाणी लावायचं. पाईप सरळ ढकलायचा. लोखंडाची कड लागते तिथे रबर अडतं, तिथे थांबायचं नाही, अजून ढकलायचं. कड पार झाली की रबर एकदम सैल पडतं, दम सोडल्यासारखं. मग क्लिप, आणि मग बोट फिरवून बघायचं. पुढे कडेचा उंचवटा, मागे क्लिप. काकूंनी पहिल्यांदा न बघता ते ओळखलं तेव्हा त्या आपोआप म्हणाल्या, "हा उंबरठा. आणि हा आला आत." मिस्त्रींनी नुसती मान हलवली, पण जेवताना त्या दिवशी मान वर होती.

काकूंची कंबर धरली होती. तळहातांना भेगा पडल्या, त्यात काळं बसलं, आणि कितीही घासलं तरी कणकेला रबराचा वास येतो असं त्यांना वाटायचं. मिस्त्री म्हणाले, मला तर येत नाही. काकू म्हणाल्या, तुमचं नाक त्यातच मुरलंय.

पण लोकांची गाडी एकही आली नव्हती.

नर्सबाई थांबल्या त्या मुळात पाणी मागायला. घाटापलीकडच्या वाड्यांवर इंजेक्शनं आणि औषधं घेऊन त्या एकट्या फिरायच्या. बारीक चणीची, तुटक बोलणारी बाई. त्यांच्या छोट्या गाडीची पुढची काच आतून पांढरीशुभ्र होती आणि त्यात हाताने पुसलेलं ताटलीएवढं भोक होतं.

"हीटर?" मिस्त्रींनी विचारलं.

"खाली दाखवला. ते म्हणाले आतला रेडिएटर गेला असणार, सगळा डॅशबोर्ड काढावा लागेल, गाडी ठेवून जा." नर्सबाईंनी रिकामी बाटली पुढे केली. "ठेवून कशी जाऊ? पलीकडे एक बाई आहे, दिवस भरलेत तिचे. आज-उद्यात तिला घेऊन खाली यायचंय. या काचेतून मी एकटी येईन कशीतरी. तिला आणि बाळाला घेऊन कशी येणार?"

मिस्त्रींनी इंजिन चालू करायला सांगितलं. थोड्या वेळाने डाव्या हाताची पालथी बाजू आधी एका पाइपाला लावली, मग दुसऱ्याला. एक चटका देणारा. दुसरा गार. ते आधी नर्सबाईंना, मग काकूंना म्हणाले, "बंद करा गाडी. निवू दे. मग तू दाबून बघ. पूर्ण लांबीला."

इंजिन निवल्यावर काकूंनी खोकं ओढलं आणि हात आत घातला. टपरीवर उंट होता, आणखी दोघं होते. तिघंही इकडे बघायला लागले.

"इथे कडक आहे," काकू म्हणाल्या. "इथेही. आणि इथे, पत्र्याजवळ... फुगलंय. मऊ लागतंय. भिजलेल्या पावासारखं."

"बाहेरून चीर?"

"नाही. बाहेरून धड आहे."

मिस्त्री नर्सबाईंना म्हणाले, "पाईप आतून सुटला असेल. आतला थर निघून वाटेत आडवा आला असेल. म्हणजे पाणी जातच नाही. खालच्यांनी सांगितलं तेही असू शकतं, नाही असं मी म्हणत नाही. पण आधी पाईप बघू. तो हाताशी आहे."

"बघा मग. लवकर होईल?"

मिस्त्रींनी उंटाकडे बघितलं, मग जमिनीकडे. काकूंना वाटलं, आता हे म्हणतील, खालीच न्या. मिस्त्रींनी उजवा हात खिशातून बाहेर काढला.

"बाई, माझा हात चालत नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बोटांना कळत नाही. काम माझी बायको करेल, मी सांगेन. चालत असेल तर बघा."

उंटाने ग्लास खाली ठेवला.

नर्सबाईंनी काकूंकडे नखशिखांत पाहिलं. "तुम्ही केलंय याआधी?"

"आमच्या गाडीला पुष्कळदा," काकू म्हणाल्या. "लोकांच्या गाडीला तुमच्यापासून सुरुवात."

नर्सबाई पहिल्यांदा हसल्या. "माझंही एका बाईपासूनच सुरू झालं होतं. करा."

बॅटरी मिस्त्रींनी धरली. डाव्या हातात. ती नीट धरता येईना, उजेड भलतीकडेच जायचा. "जरा डावीकडे," काकू म्हणाल्या. "अजून. हां."

क्लिप गंजलेली होती, कान दाबताना कुरकुरली पण निघाली. पाईप फिरत नव्हता. काकूंनी जोर लावला नाही. चाकू मागितला, बोटाच्या आधाराने लांबीत चीर दिली आणि साल उलगडली. आतून काळ्या रबराची एक पट्टी जिभेसारखी लोंबत बाहेर आली. मिस्त्रींनी ती चिमटीत धरून नर्सबाईंना दाखवली. "ही बघा, वाट अडवून बसली होती."

नवा पाईप जुन्याच्या लांबीला कापला. वळणात तो चिमटणार नाही असा फिरवून घेतला. साबणाचं पाणी लावलं. आतलं टोक सगळ्यात वाईट जागी होतं, काकूंना खोक्यावर चवड्यांवर उभं राहावं लागलं आणि गाल एअर फिल्टरच्या डब्याला दाबला गेला. पाईप ढकलला. अडला. परत ढकलला.

"सैल पडला?" मिस्त्रींनी विचारलं.

"थांबा."

"क्लिप—"

"थांबा हो!" आणि मग, दातओठ खात, "गेला. गेला आत."

क्लिप बसली. काकूंनी बोट सगळीकडून फिरवलं, मग परत एकदा फिरवलं. बाहेरचं टोक त्यामानाने सोपं होतं. दुसरा पाईपही कडक झाला होता, तोही बदलला. नवं कूलंट भरलं, इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण गरमवर केला आणि सगळे वाट बघायला लागले.

एक पाईप गरम झाला. दुसरा गारच.

नर्सबाईंनी आत गरम हवेच्या झरोक्यासमोर हात धरला होता. त्यांनी मान हलवली. टपरीकडून कुणीतरी म्हणालं, "डॅशबोर्डच निघणार बहुतेक."

माझंच काहीतरी चुकलं, काकूंना वाटलं. आता सगळे दोघांनाही हसणार, आणि हे खरंच लेकीकडे जाऊन बाल्कनीत बसणार. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री त्यांच्याकडे बघतच नव्हते. डोकं तिरकं करून इंजिनाचा आवाज ऐकत होते.

"हवा," ते म्हणाले. "पाईप रिकामे होते, हवा अडकलीय वर. पाण्याला जायला जागा नाही. गाडीचं तोंड वर करायला पाहिजे." आणि त्यांनी समोर बोट दाखवलं. घाटाचा पहिला चढ तिथूनच सुरू होत होता. "बंद करा इंजिन, पाणी पुरतं नाही, तापेल. ढकला."

नर्सबाई स्टिअरिंगवर बसल्या. काकूंनी मागून खांदा लावला. शेजारी एक लांब सावली पडली. "काकू, सरका जरा, मला जागा द्या," उंट म्हणाला. टपरीवरचे दोघंही आले, टपरीवाला पण आला. गाडी चढावर तोंड वर करून उभी राहिली आणि उंटाने चाकाला दगड लावला.

इंजिन थोडं निवल्यावर पाणी भरायच्या टाकीचं झाकण उघडून इंजिन परत चालू केलं. आधी काहीच नाही. मग आतून गुडगुड झाली. एक मोठा बुडबुडा आला, मग एकामागून एक. पाण्याची पातळी झपकन खाली गेली. काकूंनी ओतलं. परत गेली. परत ओतलं. मिस्त्री म्हणाले, "पिऊ दे, पिऊ दे तिला." बुडबुडे कमी झाले आणि थांबले.

काकूंनी हात घातला. पहिला पाईप गरम. दुसरा कोमट. त्यांनी हात तिथेच ठेवला. लहान मुलाचा ताप बघतात तसा. कोमट, मग उबदार, मग त्यांनी चटकन हात मागे घेतला.

"भाजलं!" त्या ओरडल्या आणि एवढ्या आनंदाने भाजल्याचं कुणी सांगितलेलं टपरीवर कुणी ऐकलं नव्हतं.

काच खालून वर अशी हळूहळू निवळत गेली. आधी नर्सबाईंची हनुवटी दिसली, मग नाक, मग पूर्ण चेहरा. त्या दोन्ही हात झरोक्यासमोर धरून बसल्या होत्या.

झाकण लावलं, टोकं कोरडी आहेत ना ते फडक्याने पुसून पाहिलं. तेवढ्यात टपरीवाल्याने सगळ्यांना चहा दिला. मिस्त्रींनी कप दोन्ही हातांनी धरला. नर्सबाईंचं तिकडे लक्ष गेलं. त्यांनी कप काढून घेतला, मनगट धरलं, आतल्या बाजूला बोटाने ठोकलं.

"इथून झिणझिणी जाते? अंगठ्यात आणि या दोन बोटांत?"

"जाते."

"करंगळी?"

"ती ठीक आहे."

"मनगटात नस दाबली गेली असणार. मी डॉक्टर नाही, पण असे हात मी पाहिलेत. छोटं ऑपरेशन असतं. बहुतेकांची बोटं परत येतात. मात्र जितका उशीर कराल तितकं अवघड." त्यांनी कप परत दिला. "मी पलीकडून आल्यावर दवाखान्यात सांगून ठेवते."

"ऑपरेशन म्हणजे हात बांधून बसायचं," मिस्त्री म्हणाले. "थंडीत गॅरेज कोण बघणार?" आणि हे बोलताना तेच काकूंकडे वळले, आणि गप्प झाले. उंट एवढ्या मोठ्याने हसला की चहा सांडला.

नर्सबाई घाट चढून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची गाडी उतरून आली. मागच्या सीटवर दुलईत गुंडाळलेली बाई होती आणि दुलईतच कुठेतरी तिचं रातोरात जन्मलेलं बाळ. गाडी थांबली नाही. फक्त एकदा हॉर्न वाजला आणि काचेतून एक हात हलला. मिस्त्री आणि काकू शटरखाली उभे राहून वळणापर्यंत बघत राहिले.

त्या संध्याकाळी उंट टेम्पो घेऊन आला. मागच्या गोष्टीचा विषय त्याने काढला नाही. टेम्पोतून फ्लॉवरचे दोन मोठे गड्डे काढून खोक्यावर ठेवले आणि म्हणाला, "काकू, माझा परतीचा पाईप पण बघून ठेवा. कडक लागतोय."

"मला कुणी विचारतच नाही आता," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही बॅटरी धरा, मिस्त्री," उंट म्हणाला. "आणि सरळ धरा. काकूंना त्रास होतो."

मग गाड्या यायला लागल्या. पहिल्यांदा काही जण नुसते बघायला आले, एक तर म्हणाला की मिस्त्रींनीच हात लावावा. मिस्त्री म्हणाले, "माझा हात लावून घ्यायचा असेल तर दरीतही माझ्याच नावाने जा." त्याने निमूट बॉनेट उघडलं. मिस्त्री आता दिवसभर बोलत असायचे. न बघता पाइपांचं दुखणं सांगायचे, आवाजावरून हवा ओळखायचे, काकूंनी क्लिप लावली की दर वेळी "बसली?" विचारायचे आणि दर वेळी "थांबा हो" ऐकून घ्यायचे. स्वयंपाक त्यांनी डाव्या हाताने करायला घेतला. भाजी एक दिवस करपायची, एक दिवस कच्ची राहायची. काकू दोन्ही खायच्या.

नर्सबाईंनी शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख ठरवली. लेक वडिलांना न्यायला आली तेव्हा शटरखाली एका गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते, लोकरीचे मोजे घातलेले. ते मोजे तिने स्वतः आईला दिले होते.

"आई!"

काकू सरपटत बाहेर आल्या. कपाळावर काळा पट्टा. "आलीस? हात पुसते थांब. जवळ नको येऊ, कपडे खराब होतील."

"हे काय चाललंय? बाबा, तुम्ही तिला हे करायला लावता? या वयात?"

"मी लावतो?" मिस्त्री म्हणाले. "मी तिला जेवायला हाक मारून मारून दमतो."

लेकीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिने घरून बरंच काही बोलायचं ठरवून आणलं होतं, तिथे रूम रिकामी आहे, पायऱ्या नाहीत, गार लागत नाही. त्यातलं एकही तिला आठवेना. ती खोक्यावर बसली. मग म्हणाली, "आई, तुझ्या कपाळाला काळं लागलंय," आणि रुमालाने पुसायला लागली. ते निघेना.

मिस्त्री लेकीबरोबर शहरात गेले. गाडीत बसताना तीनदा खाली उतरून काकूंना सांगत राहिले, कूलंट कुठे आहे, जाड क्लिपा कुठल्या डब्यात आहेत, चढावर दगड लावल्याशिवाय झाकण उघडू नको. शेवटी लेकीने दार लावून घेतलं.

काकूंनी गॅरेज उघडं ठेवलं. आलेल्या एका परक्या माणसाने विचारलं, मिस्त्री कुठेत? काकू म्हणाल्या, "त्यांचा हात दुरुस्तीला गेलाय. तुम्ही बॉनेट उघडा."

ऑपरेशन झालं त्या दिवशी लेकीने फोन करून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. काकूंनी ऐकलं आणि खोक्यावर बसून थोडं रडून घेतलं. जवळपास कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खुद्द मिस्त्रींचा फोन आला. काकू अर्ध्या इंजिनात होत्या. त्यांनी फोन खांदा आणि कान यांच्यात धरला.

"पट्टी आहे अजून," मिस्त्री म्हणाले. "पण डॉक्टरांनी बोटं हलवून बघायला सांगितली. अंगठा पहिल्या बोटाला लावला मी." ते थांबले. "कळलं गं मला. पूर्ण नाही. पण लागलेलं कळलं."

काकूंनी हातातली पक्कड खाली ठेवली. इंजिनात काहीतरी थेंब थेंब गळत होतं.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"मी विचार करत होतो," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचा आवाज थोडा अवघडला. "हात बरा होऊन मी परत येईन. मग मी काय करायचं तिथे? गॅरेज तर तू घेतलंस."

काकूंनी बाहेर पाहिलं. टपरीसमोर एक गाडी येऊन थांबली होती, तिच्यामागे दुसरी. ड्रायव्हर हात चोळत उतरत होते आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"या तुम्ही," त्या म्हणाल्या. "दोघांना पुरून उरेल एवढं काम आहे. थंडी अजून बरीच बाकी आहे."